एक नंबरला काय लिहायचं

"दिल्ली चार नंबरला लिही," बाबा म्हणाले.

ओट्याला टेकून ते उभ्याउभ्याच चहा पीत होते. पॅन्टचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. सकाळच्या पहिल्या लाँचने कोयनेचं पाणी ओलांडून, पुढे दोन एसट्या बदलून, एक दिवसाची किरकोळ रजा टाकून ते कोरेगावला आले होते ते फक्त माझ्या फॉर्मसाठी. प्रवेश परीक्षेचा निकाल लागला होता. आता देशभरातल्या विद्यापीठांची यादी आपापल्या पसंतीने लावून द्यायची होती, आणि संध्याकाळी पाचला ती साइट बंद होणार होती.

"चार? बाबा, मला दिल्लीच पाहिजे."

"म्हणूनच तर चार. मनातलं कधी एक नंबरला लिहायचं नसतं."

हे वाक्य मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. असा शिक्षक ज्या घरात असतो, त्या घरातली पोरं बाराखडीच्या आधी 'बदली' हा शब्द शिकतात. बदलीच्या अर्जात वीस शाळा पसंतीने लिहायच्या असतात, आणि त्या कशा लिहाव्यात याचं एक शास्त्रच गुरुजी मंडळींनी आपसात तयार करून ठेवलं आहे. चांगली शाळा वर लिहिली की तुमच्याहून ज्येष्ठ कुणीतरी ती उचलतो आणि तुम्ही बाहेर. याला 'खो बसणे' म्हणतात. म्हणून मनातली शाळा चार-पाच नंबरला दडवायची, वर साध्यासुध्या पेरायच्या. लग्नाच्या पंगतीत, संघाच्या अधिवेशनात, इतकंच काय, कुणाच्या दहाव्याला नदीकाठी जमले तरी हे लोक हेच बोलत उभे असायचे. या शास्त्रात काही अर्थ नाही हे मला पुढे शिकायला मिळालं. पण तेव्हा मी अठरा वर्षांची होते, आणि आमच्या घरात खो प्रत्यक्ष बसलेला होता.

पाच वर्षांपूर्वी बाबांची गावाजवळची शाळा गेली आणि खिरमुरा हे गाव पदरात पडलं. धरणाच्या पलीकडे, डोंगराला चिकटलेली वीस-बावीस घरं, एकच शिक्षक. बाबा शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायचे. पावसाळ्यात लाँच बंद राहिली की दोन-दोन आठवडे तोंड दिसायचं नाही. आई ग्रामीण रुग्णालयात परिचारिका, तिच्या पाळ्या बदलत्या. तेरा वर्षांची असल्यापासून घरातला कुकर मी लावत आले. बाबांची बदली परत इकडे व्हावी म्हणून आईने गुरुवार धरले होते आणि ती अर्ज घेऊन दोनदा साताऱ्यालाही जाऊन आली होती. तिथल्या साहेबांनी तिचं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि नियमाप्रमाणे होईल असं सांगितलं.

"बाबा, नियम वाचलेत का तुम्ही?" मी मोबाइल पुढे केला. "आधी एक नंबरचा विचार करणार. तिथे गुण बसले की तेच देणार, खालचं बघणारच नाहीत. मी पुणे वर लिहिलं तर माझ्या गुणांवर पुणे नक्की मिळतं. मग दिल्ली चारला लिहिली काय नि चाळीसला लिहिली काय, गेलीच ना?"

"नियमात सगळं चांगलंच लिहिलेलं असतं."

"अहो, पण यात दडवण्यासारखं काय आहे?"

"पुणे काय वाईट आहे?" बाबांनी कप विसळला. "तिथंही अर्थशास्त्रच आहे. तीन तासांत माणूस घरी येतं."

पुणे वाईट नव्हतंच. हीच तर अडचण होती. वाईट असतं तर भांडायला बरं पडलं असतं.

दिल्लीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते घेवड्यामुळे. आमच्या तालुक्यात वाघ्या घेवडा पिकतो. दाणा तांबूस, त्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे. आम्ही लोक तो बेताचाच खातो, पोती भरभरून उत्तरेकडे जातात. अकरावीत मी बाजार समितीत जाऊन एका अडत्याला विचारलं होतं, की पिकवणारे इथे, खाणारे तिथे, मग भाव ठरवतं कोण? तो म्हणाला, "पोरी, ते दिल्लीला ठरतं. आम्हाला नुसता फोन येतो." मला त्या फोनच्या पलीकडे कोण असतं ते बघायचं होतं. मी दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाची जुनी प्रश्नपत्रिका उतरवून घेतली होती. निम्मे प्रश्न सुटले. उरलेले निम्मे सुटले नाहीत म्हणून मी त्या विद्यापीठाच्या जास्तच प्रेमात पडले.

आईला दवाखान्यात फोन लावला. मागे कुणाचं तरी तान्हं बाळ किंचाळत होतं.

"तुम्ही दोघं मिळून ठरवा," ती घाईघाईने म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. आणि हे बघ केतकी, बाबांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. एकदा पोळलेत ते. त्यांना कळतं."

पोळलेत, या शब्दावर माझं तोंड बंद व्हायचं. ज्याची पाच वर्षं एका फॉर्मने नेली, त्याला फॉर्म कसा भरावा हे मी कुठल्या तोंडाने शिकवणार होते?

चार वाजता आम्ही बाजारपेठेतल्या शबानाताई मुजावरांच्या सेवा केंद्रात जाऊन बसलो. दाखले, उतारे, परीक्षांचे फॉर्म, अख्ख्या कोरेगावचं भविष्य त्या एका खोलीतून वर जायचं. दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर 'उधार बंद'ची पाटी. शबानाताईंनी मला कोपऱ्यातला संगणक दिला.

"लौकर आवर गं बाई. सर्वर लई मंद हाय आज. आन् लाइट गेली तर माझ्या नावानं वरडायचं न्हाई." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, लय दिसांनी! बसा की. खिरमुऱ्यातनं सुटका न्हाई व्हय अजून?"

"नाही अजून," बाबा म्हणाले आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले.

यादी उघडली. डावीकडे सगळी विद्यापीठं, उजवीकडे रिकामे चौकोन, एक, दोन, तीन, चार. माऊसने एकेक नाव ओढून उजवीकडे नेऊन ठेवायचं. मी दिल्लीच्या नावावर बाण नेला.

"पुणे," बाबा हळूच म्हणाले.

"बाबा, एकदा शेवटचं विचारते. तुम्हाला खरंच वाटतं का, की दिल्ली वर लिहिली तर माझं नुकसान होईल?"

ते पडद्याकडे बघत होते. माझ्याकडे नाही.

"ऐक माझं," ते म्हणाले. "एवढं एकदा ऐक."

बाबा कधी हुकूम सोडणारे नव्हते. आमच्या घरात हुकूम सोडायचं खातं आईकडे. हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरी मागायचा नाही, तसंच जेवून उठायचा. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिलीच गोष्ट असेल. मला एकदम रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून मी भराभर हात चालवला. पुणे उचललं आणि एक नंबरला नेऊन ठेवलं. दोनला हैदराबाद. तीनला बनारस, ते तर मी नकाशातसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. चारला दिल्ली.

"झालं," मी म्हटलं. "आता खाली जाऊन पक्कं करायचं. एकदा केलं की बदलता येत नाही. करू ना?"

एक गिऱ्हाईक सातबाऱ्याच्या प्रती काढायला आलं होतं, शबानाताई उठून झेरॉक्सकडे गेल्या आणि मशीन घरघरायला लागलं. मी बाण बटणावर नेला.

"थांब," बाबा म्हणाले.

मी थांबले.

"केतकी, मला खो बसला नव्हता."

"म्हणजे?"

"खिरमुरा मी एक नंबरला लिहिला होता."

मला शब्द कळले, पण त्यांचा अर्थ लागेना. मी म्हटलं, "चुकून?"

"चुकून कसा लिहीन? वीस रकाने असतात. मी मनापासून एकच भरला, बाकीचे नियमापुरते."

मशीनची घरघर चालूच होती. बाबा खालच्या आवाजात बोलत राहिले, वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला बाजूला घेऊन समजावतात तसं.

"त्याच्या आदल्या वर्षी निवडणुकीची ड्युटी लागली होती तिकडे. शाळेतच मतदान केंद्र. आम्ही कुलूप काढलं, तर आत जळमटं. वर्षभर कुणी गुरुजीच टिकला नव्हता तिथं. एक पोरगी दारात आली, अशी सात-आठ वर्षांची. म्हणाली, मास्तर आलात का? मी म्हटलं, नाही गं, मतं घ्यायला आलोय. ती म्हणाली, बरं, मग मास्तर कधी?" बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आणि इथं मी काय करत होतो? सोळा शिक्षकांच्या शाळेत दिवसभर माहिती भरत बसायचो. खडू हातात घेतला की ऑफिसातून निरोप यायचा, गुरुजी, अमुक तक्ता अर्जंट पाहिजे. मला वाटलं, आपण मास्तर आहोत की कारकून."

"मग घरी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? तुझी आई दोन-दोन पाळ्या करते, तू सातवीत. मला तिकडं जायचंय, असं कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? खो बसला म्हटलं की सगळ्यांना पटतं. कुणी काही विचारत नाही."

मला राग आला. आठवीतला तो पावसाळा मला आठवला. आई रात्रपाळीला, घरात पाणी शिरलेलं आणि मी एकटी पलंगावर दप्तर घेऊन बसलेली. तेव्हा मी रडले नव्हते, कारण बाबांवर अन्याय झालाय आणि आपण सगळ्यांनी तो सोसायचा आहे, असं मी स्वतःला बजावलं होतं. मोठ्या शौर्याने सोसला होता मी तो अन्याय.

"आई तुमच्यासाठी गुरुवार करते, बाबा," मी म्हटलं. "पाच वर्षं."

"माहीत आहे."

"साताऱ्याला दोनदा गेली. साहेबांपुढे रडली ती."

"माहीत आहे गं," बाबा म्हणाले. "गेल्या वर्षी परत यायची संधी होती. घरी सांगितलं, पुन्हा खो बसला म्हणून. खरं तर मी अर्जच केला नव्हता."

पडद्यावरचं घड्याळ चार चौतीस दाखवत होतं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं.

"म्हणजे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. वर लिहिलेलंच मिळतं. मग मला का अडवत होतात आल्यापासून?"

"ठाऊक होतं म्हणूनच," बाबा म्हणाले. "एक नंबरला लिहिलं की मिळतं, केतकी. मिळालं की माणूस जातं. आणि गेलं की त्याला तिथं बरं वाटायला लागतं. मी परत आलो का?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे बोट केलं.

"ने वर."

मी दिल्ली चारवरून उचलली. पण ती मधेच सुटली आणि दोन नंबरला जाऊन पडली. बाबांनी माऊसवर हात ठेवला. त्यांना ते यंत्र कधी नीट जमलं नाही, बाण पडद्यावर भलतीकडेच पळायचा. आम्ही दोघांनी मिळून कसंबसं ते नाव एक नंबरला नेलं. मग पक्कं करायचं बटण मी दाबलं. सर्वरने दोन मिनिटं जीव टांगणीला लावला. चार एकेचाळीसला हिरवी अक्षरं आली.

"झालं का बापलेकीचं एकमत?" शबानाताईंनी छापील प्रत हातात दिली. "मगाधरनं काय कुजबुज चाललीय म्हटलं. कुटं गं?"

"दिल्ली," बाबा म्हणाले. मी उत्तर द्यायच्या आधीच म्हणाले.

घरी जाताना मी त्यांच्यापासून दहा पावलं पुढे चालत होते. त्यांच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. खरं सांगते, त्या दहा पावलांत मला त्यांचा संतापही होता आणि पळत सुटावं इतका आनंदही, आणि दोन्ही एकाच माणसामुळे. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांनी मागून हाक मारली.

"आईला मी सांगतो. आजच. तू मधे बोलू नकोस."

आई नुकतीच ड्युटीवरून आली होती. अंगात पांढरा कोट तसाच, पाय गरम पाण्याच्या बादलीत. बाबा तिच्यासमोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. निवडणूक, ती पोरगी, तो एक रकाना, गेल्या वर्षीचा न केलेला अर्ज. त्यांनी काही मागे ठेवलं नाही आणि माफीचं भाषणही केलं नाही. आई ऐकत राहिली. पाणी निवलं, तरी पाय काढले नाहीत तिने.

मग ती उठली, पाय पुसले आणि चहा टाकला. दोनच कप काढले. एक स्वतःचा, एक माझा.

"साबुदाण्याचा नुसता वास आला तरी मळमळतं मला आता," चहा गाळता गाळता ती भिंतीला म्हणाली. "पाच वर्षं."

बाबा खाली मान घालून बसून होते.

"तिकडं जाऊन भलतंच काही केलं असतंत तर एक वेळ भांडता तरी आलं असतं," आई पुढे म्हणाली. "पोरं शिकवायला गेलेल्या माणसाशी मी भांडू कशी? आणि मी अडवलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"अडवलं असतंस," बाबा म्हणाले.

आईने विचार केला. "हो," ती म्हणाली. "अडवलं असतं."

शेजारी कुणीतरी कांदा परतत होतं, त्याचा वास येत होता. आई पुन्हा खुर्चीवर बसली.

"कशी आहे ती शाळा?" तिने विचारलं.

बाबांनी वर पाहिलं. पाच वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न एकदाही कुणी विचारला नव्हता. खिरमुरा म्हणजे बाबांचं दुखणं, आणि ते उकरून काढायचं नाही, असा आमचा अलिखित कायदा.

"एकच खोली आहे," ते म्हणाले. "बाहेर ओटा. चौदा पोरं, चार इयत्ता. धरणाचं पाणी चढायला लागलं की सोमवारी पोरं घाटाच्या पायऱ्या मोजतात, किती बुडाल्या, किती राहिल्या. त्यावर मी वजाबाकी घेतो. चौथीची पोरं तर सांगतात, मास्तर, लाँच अजून आठ दिवसांनी वरच्या धक्क्याला लागणार. आणि लागते!"

ते हसले. मग बोलतच सुटले. ती दारातली पोरगी, सुरेखा तिचं नाव, आता तापोळ्याला हायस्कूलला जाते आणि येता-जाता शाळेत डोकावून लहान पोरांचे पाढे तपासते. दोन भाऊ आहेत, एकच चप्पल जोड, म्हणून दोघं एकेका पायात एकेक चप्पल घालून शाळेत येतात. लाँच दिसली की सगळी पोरं ओट्यावरून ओरडतात, बाबांना ते पाण्याच्या मधोमध ऐकू येतं. मी माझ्या बाबांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस शनिवारी आमच्याकडे यायचा तेव्हा गप्प असायचा तो थकून नाही, हे मला तेव्हा समजलं. सांगायला एवढं होतं आणि सांगायची सोय नव्हती.

आई मधे मधे एखादा प्रश्न विचारत होती. कधीतरी तिने उठून तिसरा कप काढला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. चहा गार झालेला होता, बाबांनी तसाच प्यायला. बोलता बोलता ते थांबले आणि त्यांना एकदम माझी आठवण झाल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईनेही पाहिलं.

"आणि हिनं काय लिहिलं?" तिने विचारलं.

"दिल्ली," मी म्हटलं.

"एक नंबरला?"

"एक नंबरला."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज दवाखान्यातल्यासारखा होता, कामाचा.

"मग स्वेटर घ्यायला लागतील," ती म्हणाली. "दोन तरी. तिकडं थंडी फार."